सातशे त्र्याण्णवचा पाढा

रेडिओवर भाव आला, पोत्याला सातशे त्र्याण्णव सेडी.
त्याच रात्री सेरवाने कोळशाने दारावर आकडा काढला
आणि म्हणाली, आई, हा आता तुझा.

अकरा वर्षांची पोर.
तिच्या शाळेत बारापर्यंतचे पाढे होतात,
सातशे त्र्याण्णवचा कोण शिकवणार, आणि कुणाला हवा?

मला हवा.
दरसाल मी काट्यापाशी उभी राहते,
न्तियामोआ कारकून चार बटणं दाबतो, एक आकडा बोलतो,
आणि मी मान डोलावते
बहिऱ्याने ढोलाला डोलवावी तशी.

सातशे त्र्याण्णव एके सातशे त्र्याण्णव.
इथवर सोपं होतं.
दुणे पंधराशे शहाऐंशी, हे चुलीपाशी बसलं.
त्रिक तेवीसशे एकोणऐंशी
केळीच्या पानांखाली बिया आंबत होत्या तेव्हा,
आंबट वाफ नाकात, आकडा जिभेवर;
अजूनही तेवीसशे म्हटलं की मला तोच वास येतो.
चोक रोज निसटायचा.
एकतीसशे बहात्तर, एकतीसशे बहात्तर,
बांबूच्या चटईवर हात फिरवत, बिया उलट्या, बिया सुलट्या,
पलीकडून जाऊ हसली,
म्हणाली, बोआतेमा, कुणाला शिव्या देतेस?

पंचे झाला. सकला मी रडले.
खोटं कशाला सांगू, चाळीशी ओलांडलेली बाई
सत्तेचाळीसशे अठ्ठावन्नसाठी रडले.

मग एका दुपारी, पाऊस येईल म्हणून चटया गुंडाळताना,
मला तो आकडा मागच्या बाजूने दिसला.
अरे, हा तर आठशेच आहे,
फक्त सात कुठेतरी विसरून आलेला!
आठशेचा पाढा म्हण आणि सातचा काढून घे.
सहा पोती? अठ्ठेचाळीसशे, वजा बेचाळीस.
मी चटई अर्धी टाकून पोरीला हाक मारली.
ती म्हणाली, हे मला माहीत होतं.
मग सांगितलं का नाहीस?
तू विचारलं नाहीस.

सत्ते पंचावन्नशे एक्कावन्न.
दारावर लिहिला तर तीन पाच हात धरून उभे
आणि एक एकटा बाहेर.
हा आम्हा दोघींचा आवडता.
अठ्ठे, नव्वे धावतच आले,
दाहेला तर नुसतं शून्य ओढायचं.

माझी पोती अकरा निघाली. पाढा दहाचाच.
काट्यापर्यंतच्या वाटेवर मी दाहेच्या डोक्यावर
आणखी एक पोतं ठेवलं, डोक्यावर ठेवतातच तसं,
आणि हलू न देता नेलं.

न्तियामोआने बटणं दाबली.
ब्याऐंशीशे त्र्याहत्तर, तो म्हणाला.
मी म्हणाले, सत्त्याऐंशीशे तेवीस.
आवाज माझाच होता, मला ओळखू आला नाही.
रांग गप्प झाली. एक शेळी तेवढी खोकली.
त्याने पुन्हा दाबली, हळू, एकेक बटण,
मग यंत्र मांडीवर आपटलं आणि म्हणाला,
बॅटरी उतरलीय.
असेल. साडेचारशे सेडीने उतरली होती.
माझ्या मागच्या म्हातारीने माझा झगा ओढला,
कानाशी विचारलं, सात पोत्यांचे किती गं?
तीन पाच, आज्जी, आणि एक एकटा.

पुढच्या हंगामात रेडिओ बोलला:
नऊशे एक्केचाळीस.
लोक नाचले. मीही नाचले,
पण दारावरचा कोळसा पुसताना हात जड झाला.
भाव वाढला, ठीक आहे,
माझं वर्षभराचं पाठांतर मात्र एका बातमीत रद्दी झालं,
कुलूप बदललेल्या घराची किल्ली.

फेकवत नाही ती.
जावेचं नवं बाळ रात्री किरकिरतं,
मी त्याला खांद्यावर घेऊन सातशे त्र्याण्णव म्हणते,
एके, दुणे, त्रिक.
सकपर्यंत त्याचे डोळे मिटतात.
सत्ते मी उगीचच म्हणते, माझ्यासाठी.

सेरवाने दार धुतलंय. कोळसा तयार आहे.
नऊशे एक्केचाळीस एके नऊशे एक्केचाळीस.
दुणे अठराशे…
थांब, सांगू नकोस.
याची मागची बाजू कुठे आहे, ते आधी बघू दे.