अर्धा पॉइंट

एक तारखेला, पाहुण्यांची जेवणं आटोपली की
टीपचा डबा उघडायचा.
किल्ली कोंडावार साहेबांकडे, मोजणं माझ्याकडे,
कारण मी बारावी कॉमर्स, आणि माझं अक्षर बरं.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा,
झाकणाला चीर पाडलेली, वर वाघाचं स्टिकर.
मोहर्लीच्या रस्त्यावर सगळं वाघावर चालतं.
सकाळच्या जिप्सीला तो दिसला की डबा जड,
नाही दिसला की वरणात मीठ कमी असतं.
मंगळवारी जंगल बंद. डबाही उपाशी.

नोटांना वास येतो, उन्हाच्या क्रीमचा, लोणच्याचा.
दहाच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या.
मोबाइलवरून येतं ते डब्यात पडत नाही,
काउंटरवरचा चौकोनी कोड साहेबांच्या फोनचा आहे
आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.
मीही नाही. मला दीड पॉइंट आहे.

या महिन्याचे नऊ हजार चारशे पन्नास.
सगळ्यांचे पॉइंट मिळून सत्तावीस.
भागाकार स्वच्छ गेला, बाकी शून्य,
एका पॉइंटला साडेतीनशे.
अशा वेळी मला शाळेतल्यासारखं बरं वाटतं.

साहेबांना चार.
वाढणाऱ्या तिघांना तीन-तीन, पाहुणा त्यांचं तोंड पाहतो.
दोन्ही आचाऱ्यांना तीन, नाहीतर ते सोडून जातील.
खोल्या झाडणाऱ्या दोघांना दोन.
फाटकावरच्या वारलूबुवाला एक, तो सलाम ठोकतो;
माळ्याला एक, तो ठोकत नाही तरी.
मोरीवरच्या मैनाबाई मडावीला अर्धा.
हे कुणी ठरवलं ते रजिस्टरात नाही.
माझ्या आधीच्या पोरानं तसंच लिहिलंय,
त्याच्या आधीच्यानंही.

तर मैनाबाईचे एकशे पंच्याहत्तर.
त्यातून फुटलेले कप दोन, नव्वदचा एक,
एकशे ऐंशी.
मी वजाबाकी दोनदा केली.
मग तिसऱ्यांदा, पेन बदलून.

"बाई, पाच रुपये निघतात."
ती आली, कोपरापर्यंत फेस,
बोटांची टोकं पाण्यानं पांढरी, सुरकुतलेली.
"दे मंग."
"तुमच्याच अंगावर निघतात."

वाढप्यांतला नवा पोरगा हसला.
वारलूबुवा खाली बघून तंबाखू मळत राहिला.
मला वाटलं, आता ती भांडेल,
दोन वेळच्या दीडशे ताटांचं काढेल,
नाहीतर विचारेल, अर्धा पॉइंट म्हणजे
माणसाचं अर्ध काय रे?
उत्तर नव्हतंच. तरी मी शोधत होतो.

तिनं विचारलं, "रोजी त नाही ना कापत?"
"नाही. तीनशे दहा तशीच."
"आन् दुसरा कप माह्या हातानं नाही फुटला. मांजरीनं पाडला."
"लिहू तसं?"
"लिही ना."
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: मांजर.
साहेब म्हणाले, मांजरीला पॉइंट नाही,
कापायचं कुणाचं?

तिनं कमरेची चंची सोडली,
सुपारीच्या खांडांतून पाचाचं नाणं काढलं.
साहेबांचा तळहात पुढे आलेला होता.
ती त्याच्यापाशी थांबली नाही.
रिकाम्या डब्यावर झाकण ठेवलं
आणि चिरेतून नाणं आत सोडलं.

एवढा आवाज महिनाभरात
एकाही नोटेनं केला नव्हता.

मग मोरीवरचा नळ सुरू झाला.
मी नवं पान काढलं, तारीख घातली.
जमा: रुपये पाच.
पुढचा छापील रकाना खोली क्रमांकाचा,
तो मोकळा सोडायचा नाही, असा नियम आहे.
मी लिहिलं, मोरी.