तिरफळ मागे राहू दे

मत्राच्या बर्फखान्यात मी अठरा वर्षं कामाला आहे.
पंचवीस किलोची एक लादी, रात्रीत सहाशे,
पहाटे मासळीच्या होड्या लागायच्या आत.
आणि माझ्या मुलीच्या ड्रॅगनला
एकाच गोष्टीनं मरण आहे:
बर्फानं.
चौपट लागतो, मुनीबा म्हणते.
पंखांमुळे दुप्पट, रक्तामुळे त्याच्या दुप्पट.

नाव तिनेच ठेवलं, तिरफळ.
आईच्या बांगड्याच्या कालवणातलं ते,
चुकून दाताखाली आलं
की जीभ घटकाभर आपली राहत नाही.

गेल्या शुक्रवारी रुवीत, मोबाइलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये,
तिने पहिल्याच डावाला तिरफळ उतरवला.
हैथम बलूशीनं काही न बोलता
एक पांढरं अस्वल पुढे केलं.
मी अजून चहा फुंकत होतो.

परतताना वादी कबीरच्या सिग्नलला म्हणाली,
"हुकमाचं पान पहिल्या हाताला कोण टाकतं, अब्बा?"
म्हटलं, तुझे आजोबा टाकायचे.
हरायचेही.

मग आठवडाभर ताटाशेजारी वही.
सहा गडी. तिरफळ सहावा.
आधी गोगलगाय जाईल, मैदानभर काटे पेरेल,
पुढे जो येईल तो पाय रक्ताळूनच येईल.
गोगलगाय मरेल. मरू दे.
हे ती इतक्या सहज म्हणाली
की तिच्या आईचा डाव वाढता वाढता थांबला.
मग तिरफळ दाखवायचा. नुसता दाखवायचा.
हैथम अस्वल काढेल, बर्फ फेकेल,
आणि बर्फ पोचेल तेव्हा तिथे तिरफळ नसेल,
भट्टीचं कासव असेल.
"आणि त्यानं हे ओळखलं तर?"
"तर तो बर्फ फेकणारच नाही. मग मी कासव आणणार नाही."
"आणि तू आणणार नाहीस हेही त्यानं ओळखलं तर?"
तिने हातातला घास परत ताटात ठेवला.
"खेळ इथून सुरू होतो, अब्बा."

झोपायच्या आधी विचारलंन, बर्फ फोडतात कसा?
घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं.
सांगितलं: लादीच्या पोटात एक पांढरी रेघ असते.
पाणी कडेनं गोठत येतं, हवा आत आत पळते,
आणि सगळ्यात शेवटी तिथे अडकते.
टोच्या त्या रेघेवर. जोर लागत नाही.
"गेममध्ये टोच्या नसतो," ती म्हणाली,
पण वहीत काहीतरी लिहिलंन.
मोठा मारा केला की अस्वल एक डाव दमतं.
तो एक डाव.

शुक्रवारी बाहेर सत्तेचाळीस, आत एसीचा खडखडाट.
गोगलगाय गेली.
तिरफळ आला, शेपटी आपटली, परत गेला.
बर्फ कासवाच्या पाठीवर पडला आणि वाफ झाला.
अस्वल दमून उभं होतं, त्या रेघेवर,
आणि कासवानं त्याला तिथंच गाठलं.
मग तिरफळ. आता खरा.
एक नाच केलान, बळ वाढलं, वेग वाढला,
आणि तीन गडी ओळीनं आडवे.
श्रीजिल नावाचा पोरगा खुर्चीवर उभा राहिला.

हैथमचा शेवटचा एक सरडा. गळ्यात पळायचं फडकं.
दोघांचा वेग सारखा, आकड्याला आकडा.
अशा वेळी आधी कोण, हे म्हणे यंत्र ठरवतं,
आतल्या आत नाणं उडवून.
मुनीबानं हात मांडीवर ठेवले.

नाणं सरड्याचं पडलं.

गाडीत तिने वही काढली, पानाखाली रेघ मारली,
लिहिलं: इथपर्यंत बरोबर.
मग म्हणाली, हैथम विचारत होता
तिरफळ म्हणजे काय, मला अरबीत सांगता आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तिच्या आईनं
कागदाच्या पुडीत चार दाणे दिले.
त्यानं चारही एकदम तोंडात टाकले.
मी काउंटरवर जाऊन म्हटलं, भाऊ,
एक ग्लास पाणी द्या. बर्फ जास्त घाला.