दोन ते आठ अंश

उत्तरेश्वर पेठेत माझं औषधाचं दुकान.
इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये, सगळ्यात खाली,
एक खाकी पाकीट आहे. वर पेनानं लिहिलेलं :
दौलू मोरबाळे. ट्युलिप. पाच खोडून नऊ नग.

मुळात सहा होते,
लेकीनं श्रीनगरहून आणलेले.
एक त्याच्या बायकोनं पिठल्यासाठी चिरायला घेतला
आणि डोळ्यांत टिपूस आलं नाही
तेव्हा कुठं तिला संशय आला.
दुसऱ्या दिवशी उरलेले घेऊन तो माझ्या दारात.
'घरात केळी असत्यात, पेरू असत्यात,
पिकत्या फळाचा वास यास्नी सोसत न्हाई.
तुमच्याकडं नुसती औषधंच की.'

तेहतीस वर्षं उद्यमनगरात, फौंड्रीत मोल्डर.
चौदाशे अंशांचा रस साच्यात ओतलेला माणूस
काउंटरवर कोपर टेकून विचारतो,
'आज किती हाय?'
'चार.'
'चार चांगलं.'

तपासणीला आलेल्या साहेबांनी पाकीट उचललं. हे काय?
म्हणालो, पेशंट आहेत. बारा आठवडे ॲडमिट.
साहेब हसले नाहीत,
पण पाकीट जिथल्या तिथं ठेवलं.

पहिल्या वर्षी पाचही फुलले.
गल्ली बघायला आली. कुणीतरी म्हणालं, प्लास्टिकचे.
मग पाकळ्या गळाल्या, पानं आडवी झाली, पिवळी पडली,
कुंडी बघवेना,
तरी त्यानं कात्री लावू दिली नाही.
'पान जेवतंय,' म्हणायचा. 'खालच्या कांद्यासाठी जेवतंय.'

दुसऱ्या वर्षी एकच फूल,
सुपारीएवढं, देठाविना, मातीला टेकलेलं.
तिसऱ्या वर्षी नुसती पानं.
मी समजावलं, आपल्याकडं मार्च लागायच्या आधीच
रंकाळ्यावरचं वारं तापतं,
दौलूमामा, नवे मागवा.
तो कुंडी उकरत होता. वर न बघता म्हणाला,
'नवे काय, फुलत्यातच.'

यंदा ऑक्टोबरात पाकीट हाताला हलकं लागलं.
लसणाच्या पाकळीएवढ्या नऊ कुड्या.
मी आकडा बदलला.
या फ्रिजमधल्या प्रत्येक डबीवर मुदत छापलेली असते.
इथं काय लिहावं, सुचलं नाही.

काल रात्री वीज गेली.
दोन मिनिटांत त्याचा फोन :
'फ्रिज उघडू नगा हं. गार हाय ते आतच ऱ्हाऊ दे.'
वरच्या कप्प्यात त्याचं स्वतःचंही इन्सुलिन आहे,
दर महिन्याला उधारीवर नेतो.
त्याचं काही विचारलं नाही.