कॉलम क्रमांक सात

धारणीत खिडकी दहाला उघडते,
सर्व्हर अकराला.
मधल्या तासात मी शिक्क्यांतली शाई खरवडतो.

सुगरती मावसकर रांगेत चौथी.
वीजबिल? मी मान वर न करता विचारलं.
"लाईनच नाई बाबू, तं बिल कुठून आनू?"

लाईन आहे तशी. तिच्या ढान्यावरून जाते,
मोठे मनोरे, साताठ जाड तारा,
रात्री गुणगुणतात म्हणाली,
खाली मात्र उतरत नाहीत.
सोलरची पाटी मिळाली होती, दोन पावसाळे चालली.
बॅटरी जावयानं नेली.
पाटीवर आता मिरच्या वाळतात.

कॉलम सात, रहिवासाचा पुरावा.
वीजबिल, नळपट्टी, गॅसचं कार्ड, भाडेकरार.
यांतलं काही नसेल तर लाल फुली येते
आणि पुढचं पान उघडत नाही.

तिनं खताच्या पिशवीतून एक चोपडी काढली,
कुठल्याशा शिबिरात वाटलेली, वनहक्काची.
वाचता येत नाही तिला,
पण पान ठाऊक होतं, कोपरा दुमडलेला.
"वाच."
मी वाचलं, मागच्यांनाही ऐकू गेलं.
गावातल्या जाणत्या माणसाचं म्हणणं
लिहून घेतलं तर तो पुरावा.
विहीर पुरावा. मसणवट पुरावा. देवाची जागा पुरावा.

नऊ वर्षं या खुर्चीत बसून
मी हे पहिल्यांदा वाचत होतो.

बाई, हे जमिनीच्या दाव्याला चालतं,
मी म्हणालो, हा अर्ज दाखल्याचा आहे.

ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"म्हंजे जमीन माही हाये
हे तोताराम आजा सांगू शकते,
आन् मी तिथं राह्यतो
हे नाई सांगू शकत?"

माझ्याकडे यासाठी शिक्का नव्हता.

मग तिनं भाच्याचा फोन पुढे केला.
काच तडकलेली, आत एक फोटो,
सागाचा मुंडा, तिच्या सासऱ्याच्या नावाचा,
घोड्यावर बसलेला माणूस,
वर एका बाजूला चांद, एका बाजूला सूर्य.
"आमच्याकडं उजेड हाच," म्हणाली, आणि हसली,
स्वतःच्याच बोलण्याला लाजल्यासारखी.

यादीत तळाशी 'इतर' असतं.
तिथं कधी कुणी बोट नेत नाही, मीही नेलं नव्हतं.
फोटो मोठा होता, स्वीकारेना.
लहान केला. अजून लहान.
घोडा पुसट झाला, चांद गेला,
सूर्याचा एक ठिपका राहिला,
तेवढा वर चढला.

साहेब हे मंजूर करतील असं मला वाटत नाही.
तिला मी तसं सांगितलं नाही.

पावती निम्मी बाहेर आली
आणि लाईट गेली.
रांगेतला एकजण वीजवाल्यांच्या आईवर घसरला.
मी अंधारात प्रिंटरचं झाकण चाचपत होतो.
सुगरती भिंतीला टेकली,
फडक्याची गाठ सोडून भाकर काढली.
"होऊ दे सावकाश," म्हणाली,
"माही बस चारची हाये."