गुरुवारचा गट

खुर्च्या बारा मांडल्या. आल्या सात जणी, आणि एक पोर.
फेब्रुवारीतलं वूच शहर. ट्रामच्या रुळांत काळा पडलेला बर्फ.
आत गॅलरी : पांढऱ्या भिंती, राखाडी फरशी,
फरशीवर गिरणीच्या काळचे तेलाचे डाग,
वास्तुकाराने मुद्दाम राखलेले. तशी पाटीही आहे.

माझं काम समन्वयाचं. म्हणजे
किटली भरणं, सह्या घेणं, बिस्किटांची पावती जपणं,
कलाकाराला वेळेवर स्टेशनवरून आणणं,
आणि तिमाहीच्या शेवटी एका रकान्यात लिहिणं
की समाज आणि कला यांच्यातलं अंतर
नेमकं किती टक्क्यांनी घटलं.

फॉर्मवरचा पहिला प्रश्न :
या इमारतीत तुम्ही प्रथमच येत आहात का?
लेओकादियाने चष्मा पुसला आणि लिहिलं,
नाही. बावीस वर्षं. तिन्ही पाळ्या.
त्या उत्तराला चौकटच नव्हती,
शब्द समासात उतरले.

कलाकार अँटवर्पचा, तरुण, मऊ बोलणारा.
म्हणाला, आपण मिळून शांतता विणू या.
टेबलावर पांढऱ्या दोऱ्याचे रीळ ठेवले.
कोणी हात लावला नाही.
गेनोवेफाने तेवढा एक धागा चिमटीत चोळला,
कापूस नाही यात, म्हणाली, आणि चहा ओतून घेतला.

मग त्याने आवाज लावला.
कुठल्याशा संग्रहातून मिळवलेलं मागांचं ध्वनिमुद्रण,
चार कोपऱ्यांत चार स्पीकर,
धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कपातल्या चहावर बारीक वर्तुळं.
बायका गप्प झाल्या.
झालं, चुकलंच, मी मनात म्हटलं,
बंद कर म्हणून हात वर केला,
तेवढ्यात दिसलं,
तोंडं चालूच होती.

ओठ रुंद, भुवया वर, खांद्याची एक उचल.
पाचशे मागांमध्ये उभं राहून बोलत तसं.
हालश्काने या टोकावरून काही सांगितलं
आणि त्या टोकाला बोगुमिवा
टेबल धरून हसत सुटली.
कुणाबद्दल? जुन्या मुकादमाबद्दल असेल.
बहुतेक माझ्याबद्दल.

मी तीन भाषांत अनुदानाचे अर्ज लिहिते.
मला एक अक्षर कळलं नाही.
कळलं ते सोलोमियाला,
खार्कीवहून आलेली, मांडीवर पोर,
आमची भाषा अजून अर्धीमुर्धी,
दीड वर्ष दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या दारात
माणसांच्या तोंडांकडे बघूनच निभावत आलेली.
तिने ओठांनीच काहीतरी विचारलं.
गेनोवेफाने बिस्किटांचा पुडा तिच्याकडे सरकवला,
नंतर पोराकडे हात पसरले.

कलाकाराने कॅमेरा काढला.
लेओकादियाने थेट भिंगात बघून
ओठांनी एकच शब्द काढला.
काय ते सातही जणींना ठाऊक आहे.
अहवालात तो
'उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून गेला.

ध्वनिमुद्रण संपलं तरी
बराच वेळ कुणी आवाज वापरला नाही.

लेओकादिया पुढच्या काचेच्या दारातून जात नाही.
मागे, माल उतरवायच्या फाटकाने जाते,
आणि तिमेकला किल्ली घेऊन धावावं लागतं.
आज मीही सोबत गेले.
फाटकाशी ती थांबली,
कोटाची बटणं एकेक करून सोडली,
दोन्ही पदर पसरून उभी राहिली. झडतीसाठी.
तिमेक बावीसचा, तिच्या इथल्या नोकरीएवढा.
आजी, बाहेर उणे आठ आहे, तो म्हणाला,
लावा ती बटणं.

अस्तराच्या खिशातून दोऱ्याचं टोक डोकावत होतं,
पांढरं. खाली अख्ख्या रिळाचा फुगवटा.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी हजेरीच्या कागदाची घडी घातली,
मग आणखी एक घडी घातली.

खर्चाच्या तक्त्यात रीळ बारा होते.
बाराच ठेवलेत.