नमुन्याशी न जुळणारा

चेहेडीच्या बंधाऱ्याखाली, दारणेत,
सव्वासातला बोया बुडाला
आणि वर आलं ते मला ओळखू येईना.

वीतभर.
मरळ नाही, मरळीचं डोकं सापाचं.
शिंगटा नाही, अंगावर खवले आहेत.
चिलापी तर नाहीच. चिलापी मी
अंधारातही नुसत्या झटक्यावरून ओळखतो,
कुणाच्याही नदीत येऊन भाडेकरूसारखी पसरते ती.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
नाशिकरोडची ती उंच भिंत,
आत जाताना झडती, बाहेर येताना झडती,
आणि मधे शीटवर शीट, शीटवर शीट.
रेघ सरकलेली, शाई पुसटलेली, आकडा तिरका,
डोळा आपोआप थांबायचा.
जुळतं ते पुढे, न जुळतं ते बाजूला.
बाजूला म्हणजे यंत्रात. यंत्रातून भुगा.

म्हणून सवयीनं मासा उजेडाकडे धरला,
जणू पोटात जलचिन्ह असेल.
होतं काहीतरी: कल्ल्यामागे फिकट गुलाबी सावली,
शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका,
शाईचा थेंब चुकून पडावा तसा,
पण दोन्ही अंगांना, अगदी समोरासमोर.
चुकून पडलेला थेंब असा मोजून पडत नाही.
नाकाडावर मोहरीएवढे दाणे.
ओठाशी दोन आखूड मिशा.
कडेचे खवले मोजायला घेतले;
चोविसाव्याला त्यानं अंग झाडलं. पुन्हा पहिल्यापासून.

बादलीत घालून कचरू परशाकडे नेला.
त्याच्या सात पिढ्या याच पाण्यात जाळं टाकत आल्या.
त्यानं अंगठा फिरवला, शेपटीकडून डोक्याकडे,
म्हणाला, "आज्याला ठाव व्हतं."
आजा जाऊन चाळीस वर्षं झाली.
मग म्हणाला, "ज्याला नाव नाय त्याला भाव नाय.
सोड, नायतर खा."

पुलाजवळ सिन्नरच्या कारखान्यातला रामसूरत
सायकल उभी करून बादलीत वाकला
आणि गंडककाठच्या आपल्या गावचं एक नाव
इतक्या खात्रीनं म्हणाला
की घटकाभर मासाही त्याच्याच गावचा वाटला.
देवळालीगावच्या बाजारात वैजयंताबाई
बर्फातल्या बांगड्यांवरून नजर न काढता:
"गोड्या पाण्यातलं मला नका विचारू,
तिथं सगळ्यांची तोंडं सारखीच."
घरी सुनेनं फोनवर फोटो काढला.
फोननं तीन नावं दिली, तिन्ही लॅटिन,
एकाच्या खाली लिहिलेलं: आफ्रिका.

दोनदा पाणी बदललं होतं, तरी कोमट झालं.
तो तिरका होऊ लागला,
तोंड पाण्याच्या कडेला लावून
बुडबुडा, बुडबुडा,
आणि माझ्या हातात वही, पेन्सिल,
रकाना: ओळख.

मला एक शीट आठवलं, सत्त्याण्णव सालचं.
त्यातल्या एका नोटेवर मोरपिशी रेघ,
कुठून आली कळलं नाही,
इतकी देखणी की मी अर्धा मिनिट धरून बसलो.
मग बाजूला ठेवली.
घरी कुणाला सांगितलं नाही.
सांगायची परवानगीही नव्हती.

स्कूटर पुन्हा चेहेडीकडे.
गुडघाभर पाण्यात उतरून तळहात सैल सोडला.
लगेच गेला नाही तो,
बोटांच्या मधे थांबला, आडवा.
मला वाटलं, संपलं.
मग ठिपका एकदा अलीकडे, एकदा पलीकडे,
आणि दारणेचं पाणी, नेहमीसारखं गढूळ.

वहीत लिहिलं: तारीख, वेळ, आमिष कणीक.
ओळखीच्या रकान्यात:
जुळत नाही. पुढे पाठवला.
खाली सही केली, तपासनिसाची, जुनी, आखूड.

वजन घ्यायचं राहिलंच.