ट्रकभर बर्फ

रेकॉर्डच्या कव्हरवर ती पोरगी अजून हसतेय:
गळ्यात फुलांची माळ, डोक्यावर सांताची टोपी,
मागे रंगवलेला समुद्र.
मूळची ओहायोची, बाबा सांगायचे,
उन्हाने पाठभर पुरळ उठलं होतं बिचारीच्या.

मागच्या बाजूला, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत
स्टील गिटार : इ. कापुले.
इनॉक लिहायला जागा उरली नसावी.

होनोलुलूत, हॉटेलच्या मागल्या खोलीत,
ऑगस्टच्या काहिलीत
वाजवली ही नाताळची गाणी.
पंखा बंद, कारण माइकला पंखा ऐकू जातो.
व्हायब्राफोनवर आमारो फुर्तादो, नुसत्या बनियनवर.
पक्ष्यांचे आवाज काढायला टोकू माएशिरो :
दिवसाचे आठ डॉलर,
पोपटाचे वेगळे.

निर्माता मेनलँडचा.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, झकास आहे सगळं,
फक्त
बर्फ कमी वाटतोय.

बर्फ कमी!
आमारोने घुंगरांचा पट्टा हलवून पाहिला,
मग जोरात हलवून पाहिला.
टोकूने एक कुडकुडणारा पक्षी काढला तोंडातून,
कुठल्याच झाडावर न बसणारा.
निर्माता मान हलवत राहिला
आणि घड्याळाकडे पाहत राहिला.

बाबांना तेव्हा आमचा ट्रक आठवला.
म्हणजे आमचा नव्हे, साखर कारखान्याचा.
मी सहा वर्षांची. मौना केआ रात्रीतून पांढरा झालेला,
वर जायचा कच्चा रस्ता नुकताच झालेला,
आणि बाबांनी कुणाला न विचारता
ट्रक काढलेला.
फावड्यांनी भरला. इतका भरला
की आई वर चढून बसली, दोन्ही हात पसरून,
जसं कुणी वाळत घातलेलं धान्य राखावं,
आणि हिलो येईपर्यंत ओरडत राहिली :
हळू, इनॉक, हळू! सांडतोय!

सांडत नव्हता. वितळत होता.
ढगांच्या खाली आलो तशी मागच्या फळीतून धार लागली,
गरम डांबरावर पडून वाफ होऊ लागली.
एक कुत्रा मैलभर चाटत आला मागून.
समुद्रावर पोचेतो उरला
एक घमेलंभर.

त्याचा गुडघ्याएवढा माणूस केला,
कुकुईच्या बियांचे डोळे लावले.
डावा डोळा गळून पडला तेव्हा
आईने लिलिकोईचं सरबत ओतलं त्याच्यावर
आणि आम्ही त्याला खाल्ला.

तर बाबांनी पोलादी कांडी तारांवर ठेवली,
अगदी वर, जिथे सूर पातळ होतो,
आणि तिथून खाली आणली. सावकाश.
प्रत्येक वळण घेत,
एकदा ब्रेक दाबल्यासारखी थांबवून,
पुन्हा सोडून.
चौदा सेकंद.

निर्मात्याने डोळे मिटले. म्हणाला,
हाच! हाच बर्फ पडतानाचा आवाज!
बाबांनी दुरुस्त केलं नाही त्याला.
पैसे घेतले, संध्याकाळच्या विमानाने घरी आले,
माझ्यासाठी एक फुगवायचं बदक घेऊन.

आता म्हणे ती रेकॉर्ड पुन्हा निघालीय.
थंड देशांतली पोरं दारू ढवळताना लावतात
आणि बाहेर खरोखरचा बर्फ पडत असतो.
असो. त्यांना काय माहीत!

काल हिलोच्या सुपरमार्केटात
जहाजातून आलेली नाताळची झाडं उतरत होती,
जाळीत आवळलेली, बर्फागार, पाणी गाळणारी.
मी फणस तोलून रांगेत उभी.
छतातल्या स्पीकरमधून आधी घुंगरं,
मग ते.
बोटांनी ट्रॉली गच्च धरली मी,
तोंडातून निघून गेलं, हळू.
मागच्या बाईला वाटलं, तिलाच म्हणाले.
सॉरी म्हणाली ती, ट्रॉली मागे घेतली.

आणि लगेच, एक मात्रा आधीच,
टोकूचा पोपट.